सांता चिमणीत कसा जाईल? ख्रिसमसच्या वर्कशीट्सचं एक परीक्षण

डिसेंबर आला की प्राथमिक शाळांत इंग्रजीच्या तासाला वेगळीच लगबग सुरू होते. लाल-हिरवे कार्डपेपर, कापूस, चमकी, गोंदाच्या बाटल्या. आता मराठी माध्यमाच्या शाळांतही हे दृश्य नवीन नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, नंतर शिक्षकांच्या हातात मोबाइल आला, आणि मोबाइलवर फुकट डाउनलोड होणारी वर्कशीट्स आली. त्यात 'इंग्रजी शिकणाऱ्या छोट्या मुलांसाठी ख्रिसमस अ‍ॅक्टिव्हिटीज' या प्रकाराला डिसेंबरात भलतीच मागणी असते.

आज अशाच एका पॅकचं परीक्षण करू या. पॅकचं नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका पॅकचा नाही. असे चार पॅक शेजारी ठेवलेत तर कोणतं पान कुठलं हे तुम्हाला सांगता येणार नाही, इतके ते सारखे असतात. आणि तुमच्यापैकी अनेक जण 'मटेरियल इव्हॅल्युएशन' किंवा 'अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड लर्निंग' यावर सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत आहात, हे मला माहीत आहे. विषय सोपा वाटतो. मलाही वाटला होता. म्हणून आधी माझी चूक सांगते.

माझा तक्ता आणि गाइडचा प्रश्न

पायलट स्टडीसाठी मी पालघर जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गात बसले होते. शाळेची आणि पालकांची परवानगी घेऊन रेकॉर्डरही लावला होता. बाईंनी हाच पॅक आणला होता, रंगीत कागद स्वतःच्या पैशांनी घेतले होते. तास मस्त झाला. एकही मूल कंटाळलेलं नव्हतं. माझ्या निरीक्षण तक्त्यात 'सहभाग' असा रकाना होता, दर पाच मिनिटांनी खूण करायची. मी प्रत्येक वेळी 'उच्च' असं लिहिलं आणि खुशीत गाइडकडे गेले.

गाइडनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "मुलं इंग्रजीत काय बोलली?"

मला उत्तर देता येईना. घरी येऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आवाज भरपूर होता. 'ए माझी कात्री दे', 'बाई, याने माझा कापूस घेतला', 'तुझा सांता जाडाच दिसतोय'. इंग्रजी म्हणाल तर 'टीचर, फिनिश' आणि 'टीचर, मे आय गो टू टॉयलेट'. दोन्ही वाक्यं ख्रिसमसच्या आधीही रोज वर्गात होतीच.

आणि मग मधेच, गोंगाटाच्या खाली, एक बारीक आवाज आला. एका मुलीने विचारलं होतं, "टीचर, सांता चिमणीत कसा जाईल?"

वर्कशीटवर छपराचं चित्र होतं, त्याखाली 'चिमनी' असा इंग्रजी शब्द. तिने तो वाचला होता आणि तिला आपली चिऊताई आठवली होती. तिच्याकडच्या शब्दांचा हिशेब लावला तर प्रश्न अगदी बरोबर होता. आसपासची मुलं हसली. बाई दुसऱ्या बाकावर गोंदाची बाटली उघडत होत्या, त्यांना ऐकूच गेलं नाही. मी त्या मिनिटाला तक्त्यात काय लिहिलं होतं ते बघितलं. लिहिलं होतं, 'मुले हसत आहेत. सहभाग उच्च.'

अख्ख्या तासात एका मुलीने एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, आणि मी तो प्रसंग 'हसत आहेत' म्हणून नोंदवून मोकळी झाले. हे परीक्षण मी त्या प्रश्नासाठी लिहितेय.

पहिली पायरी: कागदावर काय आहे?

मटेरियलचं परीक्षण करताना आपण थेट 'चांगलं', 'वाईट', 'रंजक' अशी विशेषणं लावायला धावतो. त्याआधी थांबायला शिकवणारी एक चौकट आहे. अँड्र्यू लिटलजॉन यांनी ती ब्रायन टॉमलिन्सन यांनी संपादित केलेल्या १९९८ च्या पुस्तकात मांडली. तिचे तीन स्तर आहेत. पहिला, कागदावर प्रत्यक्ष काय आहे. दुसरा, वापरणाऱ्याला काय करावं लागतं. तिसरा, यातून काय सूचित होतं. पहिला स्तर बहुतांश वर्णनाचा आहे, तिसरा बहुतांश अनुमानाचा. जसजसं खाली उतराल तसतसं तुमचं मत जास्त मिसळत जातं, म्हणून उतरताना क्रम पाळायचा.

तर आपल्या पॅकमध्ये काय आहे? सहा पानं. एक, शब्दशोध: अक्षरांच्या चौकटीत बारा शब्द लपवलेले, त्यांची यादी खाली. दोन, रंगवायचं चित्र: छप्पर, धुराडं, सांता, बर्फ. तीन, शुभेच्छापत्र: चित्रांच्या पायऱ्या बघून कापायचं, चिकटवायचं आणि आत छापील वाक्य गिरवायचं. चार, 'जिंगल बेल्स' गाण्यातल्या गाळलेल्या जागा. पाच, सांताला पत्र: मायना आणि शेवट तयार, मधे दोन ओळी मोकळ्या. सहा, चित्रांचा बिंगो.

बस. या पायरीवर एवढंच लिहायचं. 'आकर्षक', 'बालस्नेही' वगैरे शब्द हात शिवशिवले तरी लिहायचे नाहीत.

दुसरी पायरी: मुलाला काय करावं लागतं?

खरं परीक्षण इथे होतं. प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारा: इंग्रजी अजिबात न समजणारं मूल हे पान पूर्ण करू शकेल का?

शब्दशोध घ्या. मूल यादीतला पहिला शब्द बघतं, त्यातली अक्षरं चौकटीत जुळवतं आणि गोल करतं. तो शब्द म्हणजे तारा की घंटा, हे कळायची गरजच नाही. तुम्हाला रशियन लिपीतला शब्दशोध दिला तर तुम्हीही तो सोडवाल, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच. बात्या लॉफर आणि यान हुल्स्टाइन यांनी २००१ मध्ये एक मांडणी केली होती: एखाद्या कामातून शब्द किती लक्षात राहील हे तीन गोष्टींवर ठरतं. त्या शब्दाची गरज पडते का, त्याचा अर्थ शोधावा लागतो का, आणि तो इथे बसतो की नाही हे तोलावं लागतं का. शब्दशोधाच्या नावातच 'शोध' आहे, पण अर्थाचा शोध त्यात नाही. अक्षरओळख, स्पेलिंगकडे लक्ष यासाठी त्याचा उपयोग असेल. तसं असेल तर तसं म्हणावं. त्याला 'शब्दसंग्रह वाढवणारी अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणू नये.

रंगवायच्या चित्राचं तेच. शेजारच्या मुलाकडे बघून सांता लाल करता येतो. शुभेच्छापत्राची गंमत वेगळी आहे. हस्तकला ही भाषा शिकवायला फार चांगली जागा आहे. जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकापासून मांडलेली 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे: आज्ञा ऐकायची आणि शरीराने ती पाळायची. 'कागद दुमडा', 'तारा कापा', 'वरच्या कोपऱ्यात चिकटवा', हे सगळं मूल इंग्रजीत ऐकून करू शकतं. पण आपल्या पॅकने काय केलंय? पायऱ्यांची चित्रं दिली आहेत. चित्रं इतकी स्पष्ट आहेत की कुणी काही बोलायची आणि कुणी काही ऐकायची गरजच उरत नाही. पान जितकं 'सोपं' केलं, तितकं इंग्रजी त्यातून बाहेर गेलं.

गाळलेल्या जागांबद्दल दोन गोष्टी. 'जिंगल बेल्स' हे जेम्स पियरपॉन्ट यांचं गाणं १८५७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच्या शब्दांत ख्रिसमसचा उल्लेखच नाही. बर्फावरून घोड्याने ओढलेल्या गाडीतून फिरण्याची मजा त्यात आहे. त्या गाडीला जो इंग्रजी शब्द आहे तो तिसरीतल्या मुलाला पुन्हा कधी भेटणार? आणि ज्या मुलांना चाल पाठ आहे ती जागा आठवणीने भरतात, ज्यांना नाही ती फळ्यावरून उतरवतात. दोन्ही बाजूंनी ऐकून समजणं राहूनच जातं.

सांताच्या पत्राकडून मला सगळ्यात जास्त आशा होती. पत्र म्हणजे कुणीतरी वाचणार, म्हणजे नीट सांगावं लागणार. कॅनडाच्या टपाल खात्याने तर सांतासाठी खास पिनकोड ठेवला आहे, 'एच झीरो एच, झीरो एच झीरो'. तो इंग्रजीत लिहिला की 'हो हो हो' असा दिसतो. तिथे आलेल्या मुलांच्या पत्रांना स्वयंसेवक उत्तरं पाठवतात. तिथल्या मुलाला पत्राचं उत्तर येणार हे ठाऊक असतं. आपल्या वर्गात काय झालं? बाईंनी फळ्यावर 'आय वॉन्ट अ बॉल' असं नमुन्याचं वाक्य लिहिलं आणि जवळजवळ सगळ्या सांतांना बॉलच मागितला गेला. पत्रं भिंतीवर लागली. कुणी वाचली नाहीत. मुलांनाही ते आधीच कळलेलं असावं.

राहिला बिंगो. पॅकमधलं हे एकमेव पान, जे इंग्रजी न समजता पूर्ण होत नाही. बाई शब्द उच्चारतात, मुलाने ऐकून योग्य चित्रावर खूण करायची. चुकलं तर हरतो. साधा, जुना खेळ, पण भाषा त्याच्या पोटात आहे. गंमत म्हणजे वेळ संपला म्हणून तोच राहून गेला.

एक थांबा: शब्दांच्या यादीबद्दल घाई नको

इथे तुम्हाला एक मोह होईल, मला झाला होता. बारा शब्द एकदम शिकवणं चूक आहे असं संशोधन सांगतं, असं मी पहिल्या मसुद्यात ठोकून दिलं होतं. आधार होता थॉमस टिंकहॅम यांच्या १९९३ च्या आणि रॉब वॉरिंग यांच्या १९९७ च्या प्रयोगांचा. एकाच जातीचे शब्द, म्हणजे शर्ट, पँट, कोट असे, एकत्र शिकले तर ते एकमेकांत अडकतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं.

पण नीट वाचल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, तारा, झाड, घंटा, भेट हे शब्द एकाच जातीचे नाहीत. ते एका प्रसंगाचे आहेत. टिंकहॅम यांनीच १९९७ मध्ये हा फरक तपासला आणि प्रसंगाने बांधलेले शब्द उलट सोपे जातात असं त्यांना आढळलं. म्हणजे माझा आधार माझ्याच विरुद्ध जात होता. दोन, हे प्रयोग बनावट शब्दांच्या जोड्या पाठ करण्याचे होते. प्रयोगातला पाठांतराचा निष्कर्ष उचलून थेट तिसरीच्या गोंगाटात आणून ठेवता येत नाही. शीर्षक वाचून संदर्भ द्यायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. व्हायवात कुणीतरी 'तो प्रयोग कुणावर केला होता?' असं विचारलं की घाम फुटतो. आधीच विचारून घ्या.

यादीबद्दल मी आता एवढंच म्हणते: काही शब्द कामाचे आहेत, काही नाहीत. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. हे वेस्ट त्याआधी बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षणक्षेत्रात काम करत होते. 'स्टार', 'ट्री', 'बेल' हे त्या यादीत बसणारे शब्द आहेत. 'रेनडिअर' आणि 'मिसलटो' नाहीत. दोन्ही प्रकारांना एकसारखा वेळ द्यायचा का, हा प्रश्न शिक्षिकेने विचारायला हवा, आणि पॅक तो विचारू देत नाही.

तिसरी पायरी: यातून काय सूचित होतं?

आता संस्कृतीचा मुद्दा. मला ठाऊक आहे, तुमच्यातले निम्मे इथूनच सुरुवात करणार होते. 'ख्रिसमस परका आहे, आपल्या मुलांवर लादला जातो' असं एक वाक्य, वर 'भाषिक साम्राज्यवाद' हा शब्द आणि फिलिप्सन १९९२. परीक्षण पूर्ण!

पण तो वर्ग पालघर जिल्ह्यातला होता. वसईच्या पट्ट्यात मराठीच्या बोली बोलणारी ख्रिस्ती घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि आपण मराठीत सहज 'नाताळ' म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांकडून आलेला आहे. त्याहून मागे जा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि येशूच्या जन्माची कथा ज्यात येते ते 'क्रिस्तपुराण' त्याने मराठी ओव्यांत रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे ख्रिसमस मराठीत यायला चारशे वर्षं होऊन गेली. 'परका' म्हणण्याआधी वर्गात कोण बसलंय ते बघावं लागतं.

आमच्या वर्गात कोण बसलं होतं? चिमणीचा प्रश्न विचारणारी मुलगीच ख्रिस्ती घरातली होती. नंतर मधल्या सुट्टीत मी तिच्याशी बोलले तेव्हा तिने घरच्या नाताळची सगळी कहाणी सांगितली. गोठा कसा करतात, त्यात गवत दिसावं म्हणून आधीपासून धान्य कसं पेरून ठेवतात, चांदणीचा कंदील कोण टांगतं, फराळाला नेवऱ्या. पाच मिनिटं ती थांबली नाही. आणि तासाला हीच मुलगी छपरावरच्या बर्फासमोर गप्प बसली होती. तिच्याच सणाच्या पानावर तिला माहीत असलेली एकही गोष्ट नव्हती.

मार्टिन कोर्टाझी आणि लिक्शियन जिन यांनी १९९९ मध्ये इंग्रजीच्या पाठ्यसाहित्याचे तीन प्रकार सांगितले: शिकणाऱ्याच्या स्वतःच्या संस्कृतीवर आधारलेलं, इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या संस्कृतीवर आधारलेलं, आणि जगातल्या वेगवेगळ्या संस्कृतींवर आधारलेलं. आपला पॅक दुसऱ्या प्रकारात बसतो, तोही अर्धवट. कारण ऑस्ट्रेलियात इंग्रजीच बोलतात आणि तिथे ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो. पॅक मुलांना सांगतो की ख्रिसमस म्हणजे बर्फ आणि धुराडं. वसईची, गोव्याची, सिडनीची मुलं या व्याख्येबाहेर.

म्हणून 'सण नको' हा निष्कर्ष मला पटत नाही. अडचण सणात नाही. पानावर ज्याबद्दल इंग्रजीत बोलायचं, ते मुलांजवळ नव्हतं, आणि मुलांजवळ जे होतं त्याला पानावर जागा नव्हती.

मग मजा नको का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नका. वर्षातून एकदा मुलांनी कापूस चिकटवला तर बिघडलं काय? माझं उत्तर: काहीच नाही. तो हस्तकलेचा तास म्हणा आणि मजेत करा. मुलं मराठीत बोलली यातही काही पाप नाही, लहान मुलं विचार करताना घरचीच भाषा वापरणार.

प्रश्न वेळेचा आहे. मराठी माध्यमातल्या बऱ्याच मुलांच्या घरी, गल्लीत, खेळात इंग्रजी नसतं. त्यांच्यासाठी इंग्रजीचा तास हीच इंग्रजीची एकमेव जागा. शहरातल्या ज्या मुलाला घरी इंग्रजी कार्टून आहे, इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आहेत, त्याचा एक तास कापसात गेला तर तो भरून निघतो. या मुलीचा निघत नाही. आणि बाईंवर दोष टाकू नका. त्यांनी स्वतःचे पैसे आणि रविवार खर्च केला होता. पॅकच्या मथळ्यावर 'इंग्रजी शिका' असं लिहिलेलं होतं, त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. तपासायचं काम आपलं आहे, आपल्याला त्यासाठी फेलोशिप मिळते.

दुसरा प्रयत्न

सुट्टीच्या आधी बाईंनी मला एक तास दिला. मी आधार घेतला तो एन. एस. प्रभू यांचा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत त्यांनी 'बंगलोर प्रोजेक्ट' चालवला, आणि १९८७ च्या 'सेकंड लँग्वेज पेडगॉजी' या पुस्तकात त्याची मांडणी केली. मुलांना काम द्यायचं, त्या कामात एक तफावत हवी. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही. किंवा दिलेल्या माहितीवरून तर्क करायचाय. किंवा आपलं मत सांगायचंय. तफावत असेल तर भाषेची गरज आपोआप तयार होते. यासाठी महागडं साहित्य लागत नाही.

आधी त्या मुलीला पुढे बोलावलं. गोठ्यात काय काय असतं ते तिने मराठीत सांगितलं, आम्ही फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिले: काऊ, शीप, स्टार, बेबी, ग्रास. सगळे रोजच्या कामाचे शब्द. मग गोठ्याची दोन चित्रं वाटली, जवळजवळ सारखी, पण एकात पाच चांदण्या, दुसऱ्यात तीन, एकात गाय बसलेली, दुसऱ्यात उभी. जोडीतल्या दोघांमध्ये दप्तर उभं केलं. एकमेकांचं चित्र न बघता विचारून फरक शोधायचे.

काय झालं? आदर्श असं काही झालं नाही. एका जोडीने दप्तर बाजूला सारून चित्रंच बघून घेतली. काही जण मराठीवर गेले. बऱ्याच जणांचा प्रश्न 'स्टार हाऊ मेनी?' असा उलटा होता. पण प्रश्न विचारला जात होता आणि समोरचा मोजून उत्तर देत होता. एका मुलाने शेजाऱ्याला दटावलं, "अरे, गाय बसलीय का ते इंग्रजीत विचार ना!" शेजारी अडला, मग म्हणाला, "काऊ... सिट?" माझ्यासाठी त्या तासातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य होतं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि त्यासाठी त्याने हाताशी असलेलं इंग्रजी वापरलं.

चिमणीचाही निकाल लावला. 'चिमनी' म्हणजे धुराडं हे सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "मग आमच्याकडे सांता येणारच नाही, आमच्याकडे गॅस आहे." सगळे पुन्हा हसले. या वेळी मी ते पूर्ण लिहून घेतलं.

यातून काय सिद्ध झालं? काहीच नाही

आणि हे नीट लक्षात ठेवा. पहिला तास बाईंनी घेतला, दुसरा मी. मला काय हवंय हे मला आधीच ठाऊक होतं. मुलांना पाहुण्या ताईचं नवल होतं. शब्द वेगळे, दिवस वेगळा. या दोन तासांची तुलना करून 'माझी पद्धत जास्त परिणामकारक' असं मी लिहिलं तर तो निव्वळ अप्रामाणिकपणा होईल. मुलं त्या तासात इंग्रजी वापरत होती एवढंच मी म्हणू शकते. ती शिकली का, महिन्याने त्यांना काय आठवलं, हे मी मोजलेलं नाही.

माझा तक्ता मात्र बदलला. 'सहभाग' हा रकाना मी काढला नाही, त्याचे तीन तुकडे केले. मूल कशात गुंतलंय: हाताच्या कामात, एकमेकांत, की भाषेच्या अर्थात? या तिन्हींना मी आधी एकच खूण करत होते. आणि शेजारी एक मोकळा रकाना ठेवला, 'मुलांचे प्रश्न, जसेच्या तसे'. तो पायलटमधून मिळालेला सगळ्यात उपयोगी रकाना आहे.

तुम्ही आता एक करून बघा. कोणतंही सणाचं वर्कशीट घ्या, दिवाळीचं, ईदचं, ख्रिसमसचं. एका पानावर तीन मथळे लिहा: काय आहे, काय करावं लागतं, काय सूचित होतं. दुसऱ्या मथळ्याखाली तो एकच प्रश्न विचारा: भाषा न समजणारं मूल हे पूर्ण करू शकेल का? उत्तर 'हो' आलं तर पान फाडू नका. त्यात काय बदललं की उत्तर 'नाही' येईल ते लिहा. चित्रांच्या पायऱ्या काढून आज्ञा तोंडी द्यायच्या? सांताचं पत्र शेजारच्या वर्गाला पाठवून उत्तर मागवायचं? दोघांत दप्तर उभं करायचं?

आणि वर्गात बसाल तेव्हा हसण्याचा आवाज आला की लगेच खूण करू नका. आधी कान देऊन ऐका, कुणी काय विचारलं म्हणून सगळे हसले.